दिवेकरांकडे आहे ती रेकॉर्ड

लोक मावळात गड चढायला जातात, धरणाच्या काठी तंबूत राहायला जातात, नाहीतर नुसती भजी खाऊन परत येतात. मी गेले ती हेव्यापोटी. दिवेकरांकडे एक रेकॉर्ड आहे आणि माझ्याकडे नाही, एवढ्या एका कारणासाठी मी मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी शिवाजीनगरला लोणावळ्याची लोकल पकडली. खांद्यावरच्या पिशवीत दोन साड्या आणि पाण्याची बाटली होती. हातात माझा बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर. तो मिटला की छोट्या सुटकेससारखा दिसतो.

आधी थोडं सांगायला हवं. मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आता निवृत्त आहे, आणि जुन्या छोट्या रेकॉर्डी जमवते. छोट्या म्हणजे नाश्त्याच्या डिशएवढ्या, एका बाजूला एकच गाणं मावेल अशा. त्यातही मला मोठ्या कंपन्यांच्या नकोत. एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणारे, लाउडस्पीकर भाड्याने देणारे लोक स्वतःच्या नावाने कंपनी काढायचे, आसपासचं भजनी मंडळ किंवा एखादा तमाशाचा फड गाठून गाणी घ्यायचे, मुंबईहून थोड्या तबकड्या छापून आणायचे आणि दुकानाच्या फळीवर ठेवून विकायचे. दोनचार वर्षांत कंपनी बंद पडायची. तळेगावची ‘पवनागीत’ ही त्यातलीच एक. तिच्या रेकॉर्डी आता शोधूनही सापडत नाहीत.

मला सापडत नाहीत, असं म्हणायला हवं. दिवेकरांना सापडतात. दिवेकर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात, आम्ही बारा वर्षं एकाच नादाचे सोबती आहोत. मी जुन्या बाजारात पोचते तेव्हा ते पिशवी भरून परत निघालेले असतात. माणूस खडूस असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. पण दिवेकर हसतमुख, मदतीला तत्पर, आणि त्यांना कुणाचं काही वाईट दिसतच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना पवनागीतची ‘हळदीच्या ओव्या : ठकूबाई आणि मंडळी, तिकोणा पेठ’ मिळाली. जात्यावर हळद दळताना म्हणायच्या ओव्या, मागे खऱ्या जात्याची घरघर. आवाज सोळा वर्षांच्या मुलीचा असावा असा, पातळ आणि चपळ. दिवेकरांनी त्यावर ‘मावळची कोवळी कोकिळा’ असं व्याख्यान दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत ती रेकॉर्ड त्यांनी छातीशी धरली होती.

“सुलभाताई, तुम्ही कधीही या ऐकायला,” ते मला म्हणाले. हे ‘कधीही या’ माझ्या डोक्यात गेलं. ज्याच्याकडे असतं तोच असं म्हणू शकतो.

लोकलला गर्दी नव्हती. घोरावाडीला एक फुलांची पाटी घेतलेली बाई चढली, माझ्यासमोर बसली आणि प्लेअरकडे टक लावून बघत राहिली.

“पेटीत काय हाय ताई? शिवणाचं मशीन?”

“गाणी वाजवायचं आहे.”

“मंग मोबाइल न्हाई का तुमच्याकडं?” तिने कळवळून विचारलं. आहे म्हटल्यावर तिला माझ्याविषयी आणखीच वाईट वाटलं असावं. वडगावला उतरताना तिने मला दोन झेंडूची फुलं दिली.

मी उतरले कान्ह्याला. तिथल्या बबनभाऊंच्या चुलत्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता आणि त्यांची रेकॉर्डींची ट्रंक अजून घरात आहे, असं मला एका ओळखीच्याने सांगितलं होतं. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर. बबनभाऊ साठीचे, शेती करणारे. मोठा मुलगा मोटारीच्या कारखान्यात, धाकटा घरच्या शेतावर. अंगणात भाताची पोती रचलेली होती, सून मळणीचा भुसा झाडत होती. मी आल्याचं कारण सांगितलं तसे ते डोकं खाजवायला लागले.

“ट्रंक व्हती ना. पन आता काय न्हाई त्यात. ते पुन्याचं सर आलतं, दिवेकर सर. लय मोठा मानूस. हितंच जेवलं, मांडी घालून. त्यांनी बसून एकेक तबकडी पुसली, चांगल्या चांगल्या निवडल्या आन् घेऊन गेलं.”

“आणि उरलेल्या?”

“त्या हायेत की. या दावतो.”

घरामागे पावट्याच्या वेलांचा मांडव होता. मांडवाला सुतळीने बांधलेल्या पाच-सहा छोट्या रेकॉर्डी वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. पाखरं बसू नयेत म्हणून! उन्हाने त्यांचे पापड झाले होते. मी जवळ जाऊन एक हातात धरली. लेबल निम्मं उडालेलं होतं, पण ‘पवना’ एवढी अक्षरं वाचता आली. भजन होतं की पोवाडा, देव जाणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर ते त्या रेकॉर्डींसाठी कमी आणि दिवेकर माझ्याआधी इथे मांडी घालून जेवून गेले यासाठी जास्त होतं. ठकूबाईची रेकॉर्डही याच ट्रंकेतून त्यांना मिळाली असणार.

“त्यात ओव्यांची एक होती ना? ठकूबाईंची?”

“व्हय व्हय, तीच तर सरांनी पयली उचलली. पन ठकूमावशीची लेक हाय अजून तिकोना पेठंला. हौसाबाई. तिच्याकडं आसंल यखादी. तिचा मालक सोपान, त्योबी भोंगेवालाच व्हता.”

“दिवेकर सरांना सांगितलंत हे?”

“त्यांनी न्हाई इचारलं.”

बबनभाऊंच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी मला मोटारसायकलवरून कामशेतला सोडलं. तिथून पवनानगरपर्यंत सहा आसनी रिक्षा मिळाली. तिच्यात आम्ही अकरा जण होतो आणि माझ्या मांडीवर प्लेअर, प्लेअरवर कुणाची तरी मेथीची जुडी. पवनानगरला एका दुधाच्या टेम्पोवाल्याने पुढे बसवून घेतलं. उजव्या हाताला सारखं धरणाचं पाणी दिसत होतं, पलीकडे तुंग, आणि समोर तिकोणा जवळ जवळ येत होता. खाचरं कापून झाली होती. पेंढ्याचे भारे रचलेले, मधेच कुठे कुणी बांधावर बसून भाकरी खातंय. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी माझं अर्धं लक्ष मागच्या रस्त्याकडे होतं. न जाणो, दिवेकरांची गाडी येत असायची.

टेम्पोवाल्याने गावाच्या अलीकडे उतरवून वाडीची वाट दाखवली. वाट खाचराच्या बांधावरून होती. मी घाईत निघाले, बांध ओला होता, पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. प्लेअर मी डोक्यावर धरला म्हणून वाचला. चपलेचा अंगठा मात्र तुटला आणि ती चिखलातच राहिली. एक चप्पल हातात घेऊन काय करायचं? तीही बांधावर ठेवून दिली. अशा अवतारात मी हौसाबाईंच्या दारात उभी राहिले.

हौसाबाई सत्तरीच्या, उंच, नाकात मोठी चमकी. त्यांनी मला पायापासून वर पाहिलं.

“आनवानी आलीस? नवस हाय का काय?”

“चप्पल तुटली.”

“मंग आधी पाय धू. कोन, कुटली, ते मागनं सांग.”

घरात लग्नाची घाई होती. चार दिवसांवर त्यांच्या नातीचं लग्न, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाणा भरायचा होता (लग्नाआधी बायकांनी एकत्र बसून जात्यावर हळद दळायचा विधी). मी कोण ते सांगितलं. आईची रेकॉर्ड बघायला पुण्याहून एक बाई आली, याचं हौसाबाईंना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. “उद्या लावायचीच हाय, ऱ्हा की मंग,” म्हणाल्या, आणि मी राहिले.

दिवेलागणीला जेवायला बसलो. चुलीवरची तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, मिरचीचा ठेचा आणि नव्या इंद्रायणी तांदळाचा चिकट भात. सोपानआबा, म्हणजे हौसाबाईंचे मालक, बोलके निघाले. एकेकाळी तिकोण्यापासून लोहगडापर्यंतच्या सगळ्या लग्नांत त्यांचे भोंगे वाजायचे. आता भोंगे गेले, एक जुना प्लेअर आणि एक स्पीकरची पेटी उरली आहे.

“सासूला गप करायचं बटन आख्ख्या मावळात माज्या एकट्याकडं हाय,” ते डोळे मिचकावून म्हणाले. हौसाबाईंनी त्यांच्या ताटात मुद्दाम जळकी भाकरी टाकली.

मी हळूच विचारलं, “पुण्याचे एक दिवेकर म्हणून, ते कधी आले होते का इकडे?”

“कोन दिवेकर?” हौसाबाई म्हणाल्या.

त्या ठेच्यासारखा ठेचा मी आजवर खाल्लेला नाही. भाकरी मी आणखी एक मागून घेतली.

जेवण झाल्यावर हौसाबाईंनी फळीवरून स्टीलचा डबा काढला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ती रेकॉर्ड होती. दिवेकरांच्या प्रतीवर धुळीचा कण नाही, कोरं लेबल. हिच्या लेबलावर हळदीची बोटं होती, एकावर एक, किती लग्नांची कोण जाणे. कडेला कुंकवाचा टिळा. लेबलावर कंपनीचं नाव, ठकूबाईचं नाव आणि खाली वेग छापलेला : ४५, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे. मी ती हातात घेतली. अशी प्रत दिवेकरांकडे नाही. साऱ्या जगात नसेल.

“हौसाबाई, ही मला द्याल का? तुम्ही म्हणाल ते देईन. मी नीट जपेन. काचेच्या कपाटात ठेवेन.”

“आन् आमच्या पोरींची हळद कोन दळायचं? कपाट?”

त्यांनी रेकॉर्ड माझ्या हातातून घेतली, लुगड्यात गुंडाळली आणि डब्याचं झाकण लावलं. रागावल्या नव्हत्या. पण माझ्या आयुष्यात इतक्या साध्या आवाजात मला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही.

सकाळी अंगण सारवलेलं होतं. जात्याच्या खुंट्याला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधलं होतं. वाडीतल्या दहा-बारा बायका जमल्या, नवऱ्या मुलीला पाटावर बसवलं. हौसाबाईंनी डबा उघडला, रेकॉर्डीला कुंकू लावलं आणि तिच्यावर दोन अक्षता ठेवल्या. लग्नाची अक्षत पहिली हिला, मग पाहुण्यांना, असं इथे चालतं. सोपानआबांनी ती प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली.

आणि मला हसूच आलं. आवाज खाली गेलेला, संथ, जड. दिवेकरांच्या व्याख्यानात ऐकलेली कोवळी ठकूबाई कुठे आणि ही कुठे! सोपानआबा ती ३३च्या वेगाने वाजवत होते. लेबलावर ढळढळीत ४५ छापलेलं असताना! इतकी वर्षं बिचारे चुकीची ठकूबाई ऐकताहेत. मला त्यांची कीव आली, आणि जरा बरंही वाटलं. माणसाला काहीतरी जास्त कळतं असं वाटलं की जरा बरं वाटतंच.

“आबा, जरा थांबवा,” मी म्हटलं. “तुमच्याकडून चूक होतेय. ही जोरात फिरवायची रेकॉर्ड आहे. तुमच्या प्लेअरचं बटण बिघडलंय का?”

“बटन धड हाय,” आबा म्हणाले. “हिला हळूच लावायची. पयल्यापास्न. सासूबाईनंच सांगितल्यालं.”

“मी दाखवते ना तुम्हाला.” मी माझा प्लेअर उघडला, वेग ४५वर ठेवला आणि ठकूबाईला लावलं. तोच तो आवाज, पातळ आणि चपळ. पुण्यात यावर लोकांनी माना डोलावल्या होत्या. इथे एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पाटावरची नवरी मुलगीही हसली.

हौसाबाई हसल्या नाहीत. “ही माजी आई न्हाई,” त्या म्हणाल्या. “ही कुनाची तरी पोर हाय.”

“अहो, पण लेबलावर छापलंय. ४५.”

“छापनाऱ्यानं जातं वडलंय का कदी?”

“तुम्हाला सवय झालीय हळू ऐकायची, म्हणून असं वाटतं.”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जात्यापाशी त्यांच्यासमोरची जागा हाताने झाडली. “बस हितं. तुज्या पेटीवर लाव. आन् वड.”

मी बसले. आम्ही दोघींनी खुंटा धरला. डाव्या हातात हळकुंडाचे तुकडे घ्यायचे, ओळ संपली की जात्याच्या तोंडात घास टाकायचा, आणि पुन्हा ओळ उचलायची, एवढंच काम. ठकूबाई सुरू झाली.

‘हळद दळिते मी, पिवळा झाला दगड
लेकीच्या मांडवाला आलं पवनाकाठचं वऱ्हाड’

पहिली ओळ संपली तेव्हा माझा हात अजून अर्ध्या वाटेत होता. मी घास टाकेपर्यंत दुसरी ओळ निम्मी झाली. मी जोर लावला. दगड जड, तो त्याच्या चालीने फिरणार, माझ्या घाईला भीक घालेना. तिसऱ्या ओवीला तुकडे तोंडात पडायच्या ऐवजी वरच्या दगडावर सांडले, माझी बोटं खुंट्याला घासली आणि दम लागला. रेकॉर्डीतलं जातं मात्र भिंगरीगत घरघरत होतं. असं जातं कुणाच्या बापाला ओढता येणार नाही.

“आता त्यांच्या पेटीवर,” हौसाबाई म्हणाल्या.

आबांनी त्यांच्या प्लेअरवर लावली. ठकूबाई सावकाश सुरू झाली. ओळ चालली तसा दगड चालला. ओळ संपली, तिने श्वास घेतला, आणि त्या श्वासात माझा हात जात्याच्या तोंडापाशी बरोबर पोचला. घास पडला. पुढची ओळ. पुन्हा श्वास, पुन्हा घास. दोन ओव्यांनंतर तर हात आपोआप जायला लागला. रेकॉर्डीतली घरघर आणि आमची घरघर एकच झाली. बायकांनी ओवी उचलली. माझ्यासमोर सत्तर वर्षांची लेक होती, पेटीत तिची आई होती, आणि आईचा आवाज पोरीसोरीचा नव्हताच. भरल्या घरातल्या बाईचा होता, खालचा, जरासा खरखरीत, अजिबात घाई नसलेला. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत लंबक मोजले, आणि साधं जातं मोजायचं मला सुचलं नाही.

रेकॉर्ड संपली तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, “आता सांग, कोन चुकलं?”

“मी,” मी म्हटलं. पण त्याच क्षणी मनात दुसरं नाव आलं आणि मला उकळ्या फुटायला लागल्या. दिवेकर! व्याख्यान देणारे, फोटो काढून घेणारे दिवेकर चुकले होते. त्या अंगणात ठकूबाईचा खरा आवाज ऐकून माझे डोळे भरले होते हे खरंच, पण त्याहून मोठा आनंद मला दिवेकर तोंडावर आपटणार याचा झाला. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

पण असल्या गोष्टीला कागदाचा आधार लागतो. सोपानआबांनी सांगितलं, गाणं घ्यायला जो माणूस यंत्र घेऊन आला होता, तो लोणावळ्याला भांगरवाडीत असतो, अण्णा म्हणतात त्याला, अजून हिंडताफिरता आहे. निघताना हौसाबाईंनी स्वतःच्या चपला मला घातल्या. त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या.

“रेकॉर्ड न्हाई द्यायची,” त्या म्हणाल्या. “पन धाकट्या नातीचं लगीन पुढच्या साली हाय. हळद दळाया ये. हात बसलाय तुजा.”

दुधिवऱ्याच्या खिंडीतून जीपने लोणावळा गाठलं. खिंडीत सगळे उतरून धरणाच्या पाण्याचे फोटो काढत होते, मी जीपमध्ये बसून दिवेकरांना काय म्हणायचं ते जुळवत होते. लोणावळ्यात पावलापावलाला चिक्की विकत होते, तिच्याकडे मी पाहिलंही नाही. भांगरवाडीत अण्णांचं घर लवकर सापडलं. ऐंशीच्या पुढचे, बारीक, कानात यंत्र, आणि शर्टाच्या खिशात अजून टेस्टर खोचलेला.

“ठकूबाई का?” ते म्हणाले. “विसरेन कसा? तिने आमचा घाम काढला. मी म्हटलं, तीन मिनिटांत बसवा. ती म्हणाली, सात ओव्या आहेत, सात झाल्याशिवाय हळद पुरी होत नाही, तोडायची असेल तर घेऊच नका. कंपनीच्या मालकांनी डोकं धरलं. मग मीच सुचवलं, ३३वर घेऊ, म्हणजे सगळं मावेल.”

“मग लेबलावर ४५ कसं?”

“लेबलं आधीच छापून आलेली, सगळ्या रेकॉर्डींची एकदम. मी मालकांना म्हटलं, बदलून घ्या. ते म्हणाले, राहू दे, ज्यांच्यासाठी काढलीय त्यांना ठाऊक आहे.”

“हे तुम्ही आजपर्यंत कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं नाही. ते दिवेकर आले होते. सज्जन गृहस्थ. किती प्रती काढल्या ते विचारलं, चहा घेतला, गेले.”

मी अण्णांकडून हे सगळं चार ओळींत लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. संध्याकाळच्या लोकलमध्ये तो कागद मी तीन वेळा वाचला. कामशेत गेलं, कान्हे गेलं, घोरावाडी कधी गेलं कळलंच नाही.

रविवारी सकाळी मी दिवेकरांच्या दारात उभी होते. चारचौघांसमोर सांगायचं की एकट्याला, यावर दोन दिवस विचार केला होता. एकट्याला सांगायचं ठरवलं. मोठं मन म्हणून नव्हे, त्यांचा चेहरा मला एकटीला नीट बघायचा होता म्हणून.

“या या सुलभाताई! तुम्हाला म्हटलंच होतं, कधीही या.” वहिनींनी चहा ठेवला. दिवेकरांनी काचेच्या कपाटातून ठकूबाई काढली, दोन बोटांत अलगद धरून.

“वेग ३३ ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेबलाकडे पाहिलं आणि बटण फिरवलं. ठकूबाई तिच्या चालीने गायला लागली. मी त्यांना सगळं सांगितलं, जातं, घास, हौसाबाई, अण्णांची चिठ्ठी. आणि त्यांचा चेहरा पडायची वाट बघत बसले.

तो पडलाच नाही. आधी ते पुढे वाकून ऐकत राहिले. मग हातांनी हवेतच जात्याचा खुंटा धरून फिरवायला लागले, ओळ संपली की घास टाकायला लागले, आणि मान हलवत हसले.

“दोन वर्षं मी या बाईंना पळवत होतो हो! अहो, ऐकलंत का,” त्यांनी वहिनींना हाक मारली, “या इकडे, ऐका, ठकूबाई खऱ्या अशा आहेत!” डोळे पुसले, पुन्हा सुरुवातीपासून लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही त्या जात्यावर बसलात? त्यांच्या लेकीसमोर? हेवा वाटतो बुवा तुमचा.”

चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज ते हे म्हणाले. मग पेन घेतलं आणि आपल्या सुंदर अक्षरात पाकिटावर लिहिलं, ‘वेग ३३. शोध : सुलभाताई.’ अण्णांची चिठ्ठी घडी करून आत सरकवली, पाकीट कपाटात ठेवलं आणि काच लावली. म्हणजे आता रेकॉर्डही त्यांच्याकडे, आणि मी चिखल तुडवून आणलेला शोधही त्यांच्याच कपाटात. वर मन इतकं स्वच्छ, की चूक कळल्याचाही त्यांना आनंद होतो. हे तर कुठल्या बाजारात मिळण्यासारखं नाही, आणि कुणी आधी उचलून नेलं अशी तक्रारही करता येत नाही.

“मला तुमचा वाटतो,” मी म्हणाले.

“काय?”

“हेवा. बारा वर्षं. रोज.”

दिवेकर खदाखदा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. “काय तरी तुमचं!” म्हणत ते सुई पुसायला वळले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मलासुद्धा. यांचाच.”